पास फुकट, पण गाडी कुठाय?

सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस होते. शिरपूर जैनच्या बसस्टँडवर मी गाडीची वाट बघत बसले होते. शेजारी एक बाई, सोबत चौदा-पंधरा वर्षांची लेक. सहज विचारलं, "कितवीला गं तू?" पोरगी आईकडं बघू लागली. आईच बोलली, "आठवी झाली ताई. हुशार हाय. पन आमच्या गावात आठवीलोकच शाळा. पुढं इथं याव लागते. सांजची गाडी कधी येते, कधी येतच नाही. पोरीची जात, अंधारात कशी येईन?"

या माउलीला अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण मैत्रिणींनो, तिचं काय चुकलं?

आपल्याकडं मुलींना बारावीपर्यंत फी नाही. अहिल्याबाई होळकर योजनेत खेड्यातल्या मुलींना एसटीचा पास मोफत. २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना इंजिनिअरिंग, मेडिकलचीही फी माफ झाली. पण तिथवर पोचायला आधी नववीत जावं लागतं ना! शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांपुरता. म्हणजे कायद्याचा हात सुटतो, तिथंच कित्येक गावांतली शाळाही संपते आणि तिथंच लग्नाची बोलणी सुरू होतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. १८४८ साली सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींना शिकवायला सुरुवात केली, त्या राज्यातली ही गोष्ट!

अफगाणिस्तानात २०२१ पासून सहावीपुढच्या शाळा मुलींना बंद आहेत. तिथं राज्यकर्त्यांनी दार लावलं. आपल्याकडं दार उघडं आहे, पण रस्ता नाही.

रस्ता काढता येतो. बिहारने २००६ मध्ये नववीच्या मुलींना सायकली देणं सुरू केलं. पुढं अभ्यासकांनी पाहिलं, तर माध्यमिक शाळेत येणाऱ्या मुली जवळपास एक तृतीयांशाने वाढल्या होत्या. बांगलादेशाने १९९४ पासून खेड्यातल्या मुलींना शिष्यवृत्ती दिली. अट काय, तर नियमित हजेरी, बऱ्यापैकी मार्क आणि लग्न करायचं नाही! आपल्याकडंही मानव विकास कार्यक्रमातल्या निळ्या बसगाड्या मुलींसाठीच आहेत.

मग आपण काय करायचं? ग्रामसभेत बचत गटाच्या दहाजणींनी मिळून एकच मागणी लावून धरायची : शाळा सुटायच्या वेळेला गाडी हवी. ठराव घ्या, आगारप्रमुखांना नेऊन द्या. चार गावच्या पोरी एकत्र येतील अशी सोबत जमवा. आणि कोवळ्या पोरीचं लग्न ठरल्याचं कानावर आलं, तर ग्रामसेवकाला सांगा, नाहीतर १०९८ वर फोन करा.

त्या दिवशी गाडी आली ती दीड तास उशिरा. चढताना त्या पोरीने हळूच विचारलं, "ताई, आता गेली तर नववीत घेतीन का?"

घेतील गं. पण तुझी गाडी वेळेवर आणायचं काम आम्हा मोठ्यांचं आहे.