पहिला चहा कोण पिणार?

कळंबा आता नावापुरतेच गाव उरले आहे. तलावाच्या अलीकडे जिथे ऊस उभा असे, तिथे आज अपार्टमेंट उभी आहेत. गुंठ्यांनी जमीन विकलेल्या घरांत एक प्रश्न हमखास निघतो: आलेल्या पैशातून पोराला कोणता धंदा काढून द्यायचा? पोरगा आयटीआय झालेला असतो. शिरोलीला किंवा गोकुळ शिरगावला कंत्राटी काम मिळते, पण त्यात त्याचा जीव रमत नाही. घरात पैसा आल्याची कुणकुण लागायचा अवकाश, सल्लागार दारात हजर. चहाच्या दुकानाची फ्रँचायझी विकणारा येतो, हॉटेलात दोन दिवसांचे शिबिर भरवणारा ‘बिझनेस कोच’ येतो, आणि टक्केवारीवर प्रोजेक्ट रिपोर्ट करून देणारा तर येतोच येतो.

सरकारही मागे नाही. 2015 मध्ये मुद्रा योजना आली, 2016 मध्ये स्टार्टअप इंडिया, आणि 2023 मध्ये तर नवउद्योजकांना जाणत्या माणसांशी जोडून देणारे ‘मार्ग’ नावाचे व्यासपीठही सुरू झाले. पैशाची वाट पूर्वीपेक्षा रुंद झाली, यात शंका नाही. पण बँक कर्ज देताना तारण बघते. सल्ला घेणाऱ्याने सल्लागाराचे काय तारण बघायचे? पोराच्या धंद्यासाठी राहते घर गहाण टाकणाऱ्या आईबापांनी तरी हे विचारायलाच हवे.

याचे उत्तर कोल्हापूरकरांना फार लांब शोधावे लागत नाही. भवानी मंडपाकडून निघणाऱ्या भाऊसिंगजी रोडवर शंभर वर्षांपूर्वी गंगाराम कांबळे यांनी चहाचे हॉटेल काढले. ते सरकारी पागेत नोकरीला होते. पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल त्यांना बेदम मारहाण झाली. शाहू महाराजांनी त्यांना नोकरीतून मोकळे केले आणि स्वतःच्या पायावर उभे राहण्यासाठी धंदा काढायला भांडवल दिले. इथवरची गोष्ट आजच्या कुठल्याही योजनेत बसेल. खरी अडचण पुढे होती. हॉटेल स्वच्छ, चहा उत्तम, पण अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला यावे कोणी? यावर महाराजांनी उपदेश केला नाही. फेरफटक्याला निघाले की ते आपली गाडी हॉटेलापुढे थांबवत, भररस्त्यात गंगारामांच्या हातचा चहा घेत आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही पाजत. राजाने घेतलेल्या कपाला नाही कोण म्हणणार?

या गोष्टीकडे आपण सामाजिक क्रांतीची गोष्ट म्हणून बघतो, आणि ती आहेच. पण धंद्याच्या अंगानेही ती बघण्यासारखी आहे. या धंद्याला पैसा, कसब, जागा यांतले काहीच कमी नव्हते; कमी होते ते गिऱ्हाईक. ती एकच उणीव महाराजांनी हेरली आणि ती भरून काढायला आपली प्रतिष्ठा पणाला लावली. आज चहाचीच फ्रँचायझी विकणाऱ्याचे गणित याच्या नेमके उलटे असते. त्याची कमाई मुख्यतः उद्घाटनाच्या दिवशीच वसूल होते. पुढे गिऱ्हाईक आले काय, न आले काय. असा माणूस वाईट असतो असे नव्हे. तो विक्रेता आहे, एवढे ओळखले की पुरे.

आता दुसरी बाजू. मदत करणाऱ्याला त्या धंद्यातले सगळे कळले पाहिजे असेही नाही. बेळगावातली जागा सोडावी लागल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळ माळरान दिले, वर दहा हजार रुपये कर्ज दिले. 1910 साली तिथे किर्लोस्करवाडी वसली. पंतप्रतिनिधी चित्रकलेत आणि सूर्यनमस्कारांत रमणारे राजे. नांगर कसा ओतावा हे त्यांनी सांगितल्याचे कोणी ऐकले नाही, आणि मला वाटते, तेच त्यांचे मोठेपण. घरातले वडीलधारे नेमके इथे चुकतात. भांडवल दिले म्हणजे गल्ल्यावर बसण्याचा हक्क मिळाला, असे त्यांना वाटते!

कसबाचा गुरू आणि व्यवहाराचा जाणकार हे एकाच माणसात क्वचित सापडतात. याच कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर तयार झाले. गुरू असा की कॅमेराही स्वतः बनवलेला. पण 1929 मध्ये या चौघांनी स्वतःची प्रभात काढली तेव्हा पाचवे भागीदार घेतले ते सीतारामपंत कुलकर्णी, सराफीच्या धंद्यातले. विद्या एकाकडची आणि भांडवलाची जोड दुसऱ्याकडची. गुरूवरच्या भक्तीपोटी त्याच्याकडूनच जमाखर्चही शिकायला जाणारे हात पोळून घेतात.

बँकेत इतकी वर्षे कर्जांच्या फायली हाताळल्या, त्यांत बुडालेल्या धंद्यांचे कारण बहुधा एकच दिसे: उधारी. माल जातो, बिल अडकते, हप्ता थकतो. लहान उद्योगाचे पैसे उशिरात उशिरा 45 दिवसांत द्यावेत, असा कायदा 2006 पासून आहे. नोंदणी कर, पुरवठ्याची पोच जपून ठेव, पैसे मागायला लाजू नकोस, हे सांगणारा माणूस पोराला हवा. असा माणूस शिबिराच्या व्यासपीठावर क्वचितच दिसतो. तो उद्यमनगरात कुठल्यातरी लेथशेजारी, हाताला ऑइल लागलेला, कोणाशी तरी फोनवर वसुलीसाठी भांडत असतो. त्याच्याकडे वेळ नसतो. त्याच्या वेळेप्रमाणे आपण जायचे.

आणि दारात येणाऱ्या सल्लागाराला उंबऱ्यावरून परत पाठवू नये. त्याला बसवावे, पाणी द्यावे आणि तीन वर्षांपूर्वी त्याने ज्यांना धंदा काढून दिला त्यांचे पत्ते मागावेत. पत्ते मिळाले तर एक रविवार मोडून घरच्या सगळ्यांनी तिथे जावे, मालकाला काही न विचारता तासभर नुसते बसावे आणि किती गिऱ्हाईक येते ते मोजावे.