आयुष्य लांबले, सेवा आखडली

महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांमध्ये सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा ही एकेकाळी दुर्मीळ घटना होती. एक हजार पौर्णिमा पाहावयाच्या तर माणसाला वयाची जवळजवळ ८१ वर्षे पूर्ण करावी लागतात. एवढे आयुष्य लाभलेला भाग्यवान पंचक्रोशीत एखादाच निघे आणि त्याच्या दर्शनाला गाव लोटे. आज अशा सोहळ्याची निमंत्रणे एकाच घरी वर्षातून दोन-तीन येतात. ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र त्या निमंत्रणपत्रिकेमागचे गणित सहसा कोणी मांडत नाही. सत्कारमूर्ती शासकीय सेवेत असतील, तर ५८व्या वर्षी निवृत्त होऊन त्यांना २३ वर्षे झालेली असतात. प्रकृती ठणठणीत असेल, तर अजून काही वर्षे हातात असतात. आयुष्याचा हा एवढा मोठा खंड कशासाठी आणि कोणाच्या आधाराने जगावयाचा, याचा विचार ना शासनाने नीट केला आहे, ना समाजाने, ना बहुतेक कुटुंबांनी.

स्वातंत्र्य मिळाले त्या सुमारास भारतीयांचे सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते. आज ते सत्तरीला पोहोचले आहे. जुना आकडा इतका लहान दिसतो, त्याचे एक मोठे कारण म्हणजे त्या काळचे बालमृत्यू. म्हणून खरा विचार करावयाचा तो साठी गाठलेल्या माणसाचा. साठ वर्षांच्या भारतीयाला आज सरासरी आणखी सुमारे १८ वर्षांचे आयुष्य लाभते. आणि ही केवळ सरासरी आहे. सकस अन्न, वेळेवर औषधोपचार आणि शहरी सुविधा मिळालेला वर्ग त्याच्याही पुढे जातो. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ साली देशात साठीच्या पुढचे नागरिक १४.९ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या १०.५ टक्के होते. २०५० पर्यंत ही संख्या ३४.७ कोटी, म्हणजे २०.८ टक्क्यांवर जाईल, असा त्या अहवालाचा अंदाज आहे. तेव्हा दर पाच भारतीयांत एक ज्येष्ठ असेल.

निवृत्तीचे वय ही काही निसर्गाने आखलेली रेषा नव्हे. जर्मनीत बिस्मार्कच्या काळात, १८८९ मध्ये, वृद्धांसाठी विमा योजना आली, तेव्हा निवृत्तिवेतनाचे वय ७० ठरविण्यात आले होते. ते ६५ वर आले १९१६ मध्ये. त्या काळी या वयापर्यंत पोहोचणारे कामगार थोडे असत आणि जे पोहोचत तेही फार वर्षे जगत नसत. म्हणजे व्यवस्था उभी राहिली ती थोड्यांच्या थोड्या वर्षांसाठी. तिचाच सांगाडा पुढे जगभर पसरला. वीस-बावीस वर्षे शिकावे, पस्तीस वर्षे नोकरी करावी आणि मग स्वस्थ बसावे, अशी आयुष्याची तीन खणी मांडणी सर्वत्र रूढ झाली. लंडन बिझनेस स्कूलमधील लिंडा ग्रॅटन आणि अँड्र्यू स्कॉट यांनी २०१६ मध्ये ‘द हंड्रेड इयर लाइफ’ या ग्रंथात नेमक्या याच मांडणीवर बोट ठेवले. आयुष्य लांबले, पण वाढलेली सगळी वर्षे तिसऱ्या खणात कोंबण्यात आली. खण तेवढाच आणि सामान दुप्पट, अशी ही अवस्था आहे.

महाराष्ट्रात तर याच्याही पुढची विसंगती दिसते. राज्य शासनाच्या सेवेत वर्ग चार सोडला तर निवृत्तीचे वय ५८ आहे. केंद्राने ते १९९८ मध्ये ६० केले. मात्र सेवेत प्रवेशाची कमाल वयोमर्यादा खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागास प्रवर्गांसाठी ४३ पर्यंत गेली आहे. स्पर्धा परीक्षांची तयारी, रखडणाऱ्या जाहिराती, न्यायालयीन स्थगिती आणि लांबणाऱ्या नियुक्त्या यांतून तावून सुलाखून निघालेला तरुण अनेकदा तिशी उलटल्यावरच खुर्चीत बसतो. पस्तिसाव्या वर्षी रुजू झालेला कर्मचारी ५८व्या वर्षी बाहेर पडला, तर त्याची सेवा २३ वर्षांची होते. तो ८२ वर्षे जगला, तर निवृत्त आयुष्य २४ वर्षांचे. जेवढे काम केले त्याहून अधिक काळ निवृत्तीत काढावयाचा. आयुष्य लांबत गेले आणि सेवा मात्र दोन्ही टोकांनी आखडत गेली. कोणतेही घर या हिशेबावर चालत नाही. मग राज्य कसे चालावे?

निवृत्तिवेतनाचा वाद या पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे. केंद्राने १ जानेवारी २००४ पासून आणि महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ पासून नव्या कर्मचाऱ्यांची जुनी निवृत्तिवेतन योजना बंद केली आणि अंशदानावर आधारलेली योजना आणली. मार्च २०२३ मध्ये जुन्या योजनेसाठी राज्यातील कर्मचाऱ्यांनी संप केला, तेव्हा रुग्णालये आणि शाळांपासून तहसील कचेऱ्यांपर्यंत कामकाज विस्कळीत झाले. २४ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्राने एकीकृत निवृत्तिवेतन योजना जाहीर केली. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या या योजनेत २५ वर्षे सेवा झालेल्यास शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मे वेतन निश्चित मिळते. कर्मचाऱ्यांची भीती खोटी नव्हती. ज्याला आपण किती वर्षे जगणार हे ठाऊक नाही, त्याने बाजाराच्या चढउतारावर म्हातारपण सोपवावे, ही अपेक्षा कठोर आहे. तिजोरीची चिंताही खोटी नव्हती. निवृत्तिवेतनावर जाणारा प्रत्येक रुपया शाळा, रस्ते आणि नव्या भरतीच्या वाट्यातून जातो. दोन्ही बाजूंनी शक्ती लावली ती एकाच प्रश्नावर, पैसा कोणी द्यावा यावर. काम किती वर्षे आणि कोणत्या स्वरूपात करावे, हा मूळ प्रश्न दोघांनीही बाजूला ठेवला.

यावर सरसकट निवृत्तीचे वय वाढवावे, असा उपाय सुचविला जातो. चीनने १ जानेवारी २०२५ पासून पंधरा वर्षांच्या मुदतीत पुरुषांचे निवृत्तीचे वय ६० वरून ६३ वर नेण्यास प्रारंभ केला आहे. परंतु चीन झपाट्याने वृद्ध होत आहे, तर महाराष्ट्रात अभ्यासिकांच्या बाकांवर बसून जाहिरातीची वाट पाहणारे लाखो तरुण आहेत. ज्येष्ठांनी खुर्ची अडवून धरली तर हे तरुण वय उलटून बाद होतील. वडिलांची दोन वर्षे वाढवून मुलाची दोन वर्षे हिरावून घ्यावयाची, हा तोडगा नव्हे.

त्यातही सर्वांची शरीरे सारखी झिजत नाहीत. मुंबईच्या मशीद बंदरात किंवा वाशीच्या बाजार समितीत पाठीवर पोती वाहणाऱ्या माथाडीचा पन्नाशीतला देह आणि वातानुकूलित कार्यालयातील अधिकाऱ्याचा साठीतला देह यांची तुलनाच होऊ शकत नाही. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा करून त्या कष्टकऱ्याला भविष्य निर्वाह निधीचे छत्र दिले, हे या राज्याचे भूषण आहे. पण शेतमजूर, घरकाम करणाऱ्या स्त्रिया, बांधकामावरचे बिगारी यांच्या कोशात ‘निवृत्ती’ हा शब्दच नाही. २०१७-१८ च्या राष्ट्रीय वार्धक्य सर्वेक्षणात साठीच्या पुढचे एक तृतीयांशाहून अधिक भारतीय काम करताना आढळले. त्यांतील बहुतेक आवडीने नव्हे, तर पोटासाठी राबतात. श्रावणबाळ योजनेतून निराधार वृद्धाला मिळतात दरमहा १,५०० रुपये. कारखान्यात हयात घालवलेल्यांसाठी असलेल्या १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत सप्टेंबर २०१४ मध्ये किमान रक्कम एक हजार रुपये ठरली, आणि पुढे दशक उलटले तरी ती तेथेच थबकली. एक हजारात रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या आणाव्यात, की किराणा भरावा? दीर्घायुष्याचे कौतुक करणाऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर आधी द्यावयास हवे.

पांढरपेशा नोकरदारालाही आता वेळापत्रकाची शाश्वती उरलेली नाही. भारत संचार निगमच्या सुमारे ७८ हजार कर्मचाऱ्यांनी स्वेच्छानिवृत्ती पत्करून ३१ जानेवारी २०२० या एकाच दिवशी कार्यालयाचा निरोप घेतला. पात्रतेची अट होती वयाची पन्नाशी. पन्नासाव्या वर्षी घरी बसलेल्या माणसापुढे तीस वर्षे उभी असतात आणि हातातले तांत्रिक कौशल्य तर जुन्या दूरध्वनी केंद्राबरोबरच कालबाह्य झालेले असते. खाजगी क्षेत्रात हा अनुभव अनेकांना पंचेचाळिशीतच येतो. विशीत मिळवलेली पदवी साठीपर्यंत पुरण्याचे दिवस सरले. तरीही पन्नाशीच्या माणसाला पुन्हा वर्गात बसवून नवे कौशल्य शिकवणारी सन्मान्य व्यवस्था आपल्याकडे जवळजवळ नाही, आणि त्या वयात शिकावयास जाणे लोकांना कमीपणाचे वाटते.

कुटुंबाचा हिशेबही नव्याने मांडला पाहिजे. ज्या घराला आज महिन्याला ३० हजार रुपये लागतात, त्याला सहा टक्के महागाई धरली तर बारा वर्षांनी ६० हजार आणि चोवीस वर्षांनी १ लाख २० हजार लागतील. साठीला पुरेशी वाटणारी पुंजी चौऱ्याऐंशीला तोंडाला पाने पुसते, ती अशी. मागची पिढी मुदत ठेवीच्या आणि पोस्टाच्या व्याजावर निर्धास्त होती. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीवर जानेवारी २००० पर्यंत १२ टक्के व्याज मिळत असे. एप्रिल २०२० मध्ये ते ७.१ टक्क्यांवर आले. तरीही निवृत्तीच्या दिवशी हाती आलेली रक्कम मुलाच्या सदनिकेत किंवा मुलीच्या लग्नात एकरकमी घालण्याची रीत सुटलेली नाही. ती मायेपोटी होते हे खरे. परंतु पंचवीस वर्षांची बेगमी एका दिवसात रिकामी केल्यावर पुढे त्याच मुलापुढे हात पसरण्याची वेळ येते, आणि मायेची परीक्षा तेथे होते. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्याकडे दाद मागता येते. पण प्रकरण तेथवर गेले म्हणजे घर आधीच मोडलेले असते. ७० वर्षांवरील सर्वांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत मिळालेले पाच लाखांपर्यंतचे संरक्षण रुग्णालयाच्या खर्चापुरते मोलाचे आहे. रोजच्या गोळ्या आणि घरी लागणारी मदत यांचा भार मात्र कुटुंबावरच राहतो.

या सगळ्याचा सर्वांत मोठा बोजा स्त्रीवर पडतो. ती पुरुषापेक्षा अधिक जगते आणि बहुधा नवऱ्यापेक्षा वयाने लहान असते. म्हणून साठीच्या पुढच्या भारतीय स्त्रियांत सुमारे निम्म्या विधवा आहेत. सासू-सासऱ्यांची शुश्रूषा तिने केली, नवऱ्याचे आजारपण तिने काढले, आणि तिची पाळी येते तेव्हा घर तिच्या नावावर नसते, बँकेतील खाते तिने कधी हाताळलेले नसते आणि घरात आयुष्यभर केलेल्या कामाचे निवृत्तिवेतन कोठेही नसते. निवृत्तीचे नियोजन म्हणजे नवऱ्याच्या नोकरीचे नियोजन, हा समज ज्या घरात आहे, तेथे हिशेबाची अर्धी पाने कोरीच राहिली आहेत.

मग करावे काय? पद आणि काम यांची फारकत करणे, ही पहिली पायरी. अठ्ठावन्नाव्या वर्षी पद सोडावे, ते तरुणाला मिळावे. परंतु ज्याची इच्छा आणि क्षमता आहे, त्याला प्रशिक्षक म्हणून, मार्गदर्शक म्हणून, अर्धवेळ आणि कमी मोबदल्यात आणखी काही वर्षे काम करता यावे. आज निवृत्तांच्या करार पद्धतीच्या नेमणुका होतातच, पण त्या मर्जीतल्यांसाठी होतात, असा तरुणांचा रास्त संशय आहे. तेथे उघड नियम हवेत आणि एकही मंजूर पद अडता कामा नये. जपानने ज्येष्ठांना हलकी, स्थानिक, अर्धवेळ कामे मिळवून देणारी केंद्रे १९७० च्या दशकापासून उभी केली. आपल्याकडे गावोगावी असलेले ज्येष्ठ नागरिक संघ सहली आणि व्याख्यानांबरोबर हेही काम हाती घेऊ शकतात. भरतीचे वेळापत्रक पाळून सेवेत प्रवेशाचे वय खाली आणणे, ही शासनाची जबाबदारी. असंघटितांच्या निवृत्तिवेतनाला महागाईची जोड देणे, हे त्याचे कर्तव्य. आणि चाळिशीतच नवरा-बायकोने एकत्र बसून दोघांच्या नव्वदीपर्यंतचा हिशेब मांडणे, हे प्रत्येक घराचे काम.

आपल्या परंपरेने गृहस्थाश्रम आणि संन्यास यांच्यामध्ये वानप्रस्थ ठेवला. अधिकार सोडावा, पण समाजाशी असलेले नाते सोडू नये, असा त्याचा आज घेण्याजोगा अर्थ आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे १९१४ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयातून निवृत्त झाले. १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले, तेव्हा त्यांचे वय ५८ होते. ज्या वयात आज महाराष्ट्र आपल्या कर्मचाऱ्याला नारळ आणि शाल देऊन घरी पाठवितो, नेमके तेच वय. त्यानंतर ते आणखी ४६ वर्षे जगले. प्रत्येकजण कर्वे होणार नाही, होण्याची आवश्यकताही नाही. परंतु ५८व्या वर्षी माणूस संपत नाही, एवढे तरी त्या चरित्रातून निश्चित दिसते. वाढलेली वर्षे विज्ञानाने आणि वैद्यकाने दिली आहेत. त्यांना काम, मान आणि दोन वेळची निश्चिंती देणे, हे आता समाजाकडे आले आहे. तेवढे झाले नाही, तर सहस्रचंद्रदर्शनाच्या पत्रिका वाढत जातील आणि त्या सोहळ्यातील सत्कारमूर्तीला मात्र उद्याची चिंता सोडणार नाही.