ताऱ्यांचा हिशेबही वहीत असू द्या

पोफळी गाव कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी आहे. इथून समुद्र दिसत नाही. परंतु पोफळीच्या वीजगृहातून सुटलेले कोयनेचे पाणी पुढे वाशिष्ठीला मिळून दाभोळच्या खाडीत जाते, आणि या खोऱ्यातली पोरेही पोटापाण्यासाठी समुद्राची वाट धरतात. आम्हा कापडवाल्यांचा मालही जहाजानेच दुबई-जेद्दाला जातो. तेव्हा जहाज वाट कशी ओळखते, हा प्रश्न आमच्याही धंद्याचा आहे.

आज सारा भरवसा उपग्रहावर आहे. पण मे 2025 मध्ये जेद्दाजवळ एमएससी अँटोनिया हे मालवाहू जहाज रुतले. उपग्रहाच्या संकेतात झालेली गडबड हेच कारण असावे, असे जाणकारांनी म्हटले. पुढच्याच महिन्यात होर्मुझच्या सामुद्रधुनीत शेकडो जहाजांची यंत्रे चुकीची जागा दाखवू लागली. कोणी जहाजे जमिनीवर उभी असल्याचे पडद्यावर पाहिले! माल अडकला की व्यापारी अडकतो, आणि जहाजावर पोरगा असेल तर घरच्यांची झोप उडते.

यावरचा तोडगा जुनाच आहे. दाभोळ बंदर बहामनी काळापासून अरब-इराणी व्यापाराचे. त्या काळचे नाखवे लाकडी फळी व गाठी मारलेली दोरी, म्हणजे ‘कमाल’, घेऊन ध्रुवाची उंची बोटांच्या मापाने मोजीत. पंधराव्या शतकात अहमद इब्न माजिद याने या विद्येवर मोठा ग्रंथ लिहिला. जहाजाच्या वाटाड्याला तेव्हा ‘मुअल्लिम’ म्हणत. उर्दू शाळेत आम्ही शिक्षकाला हाच शब्द वापरला.

हिशेब अवघड नाही. ध्रुव क्षितिजापासून जितका वर, साधारण तितकाच आपला अक्षांश. दाभोळहून तो सुमारे साडेसतरा अंशांवर दिसतो. दिवसा सेक्स्टंटने भर दुपारचा सूर्य मोजावा. 21 मार्चच्या सुमारास सूर्य विषुववृत्तावर असतो. त्या दिवशी उंची साडेबाहत्तर अंश आली, तर 90 मधून वजा करा, उत्तर साडेसतरा! इतर दिवशी सूर्याच्या पंचांगातला आकडा जोडावा किंवा वजा करावा लागतो. रेखांशासाठी मात्र अचूक घड्याळ हवे. पृथ्वी 4 मिनिटांत एक अंश फिरते. म्हणून घड्याळ 4 सेकंद चुकले तर विषुववृत्तावर एका सागरी मैलाचा फरक पडतो.

कोणी म्हणेल, ढग असले तर तारे कुठे? आणि मैला-दोन मैलांची चूक चालेल का? बरोबर आहे. ताऱ्यांच्या भरवशावर कोणी बंदरात जहाज लावीत नाही. पण यंत्र खोटे बोलते आहे, हे कळायला मैल-दोन मैलांचा हिशेब पुरतो. दुकानात गणकयंत्र असले तरी तोंडी बेरीज आपण सोडली आहे का? ज्याला ताळा करता येतो तोच फसत नाही.

ही विद्या मेलेली नाही. मुंबईत सागवानी लाकडाची बांधलेली ‘सुहेली’ ही नौका घेऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन याने 1968-69 मध्ये 312 दिवसांत एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. सुहेली हे नाव आखातातील अरब खलाशांनी आग्नेयेच्या वाऱ्याला दिलेले. आपल्या नौदलातून निवृत्त झालेले अभिलाष टॉमी यांनी 2022-23 च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत सेक्स्टंटवरच दुसरा क्रमांक मिळविला. त्यांची आधीची नौका ‘थुरिया’ गोव्यात बांधलेली.  अमेरिकेच्या नौदल अकादमीने बंद केलेले हे शिक्षण 2015 मध्ये पुन्हा सुरू केले. जहाजावरच्या अधिकाऱ्याला ताऱ्यांवरून स्थान काढता आले पाहिजे, ही आंतरराष्ट्रीय अट 2010 च्या मनिला दुरुस्त्यांनंतरही कायम आहे.

म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की, गावोगावच्या जमातींनी व व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून एक सेक्स्टंट व दरवर्षीचे नाविक पंचांग घ्यावे. समुद्रावरून निवृत्त झालेले कप्तान व अधिकारी गावात आहेत. त्यांना मुअल्लिम करावे. जहाजावर जाणाऱ्या पोराला आपण बॅग, कपडे, पैसे देतोच. त्याबरोबर हे हुनरही द्यावे. ते जप्त होत नाही आणि त्याची बॅटरीही संपत नाही.