खिशात राहिलेले एक काडतूस



मासिकाच्या मराठी विभागासाठी नेमबाजीवर काही लिहा, असा शाळेचा निरोप आला तेव्हा त्यांना पदकांची गोष्ट हवी असणार. माझ्याकडे सांगण्याजोगी पदके फारशी नाहीत. माझी गोष्ट एका काडतुसाची आहे. त्यामुळे माझी एक गाडी चुकली, एक निवड चाचणी हुकली आणि एक मत कायमचे पक्के झाले. ते मत आज तुमच्यापुढे मांडतो.

बारावीनंतर मी कोलकात्याला आबांकडे गेलो. आमचे गाव खानापूर तालुक्यात, विट्याजवळ. त्या भागातली माणसे सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात देशभर पांगली आहेत. आबांची भट्टी बोबाजारात, सियालदह स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांवर. शाळेत पॉइंट टू-टू रायफलीवर हात बसला होता. कोलकात्यात पिस्तूल धरले. दहा मीटर एअर पिस्तूल माझे स्वतःचे होते. पंचवीस मीटरसाठी मात्र क्लबचेच पिस्तूल आणि क्लबचीच काडतुसे, तीही प्रशिक्षकांच्या नजरेखाली. मी एकोणीस वर्षांचा होतो. आपल्या शस्त्र कायद्यानुसार एकवीस वर्षे पूर्ण झाल्याशिवाय स्वतःचे अग्निशस्त्र घेता येत नाही, आणि परवान्याशिवाय काडतूसही जवळ बाळगता येत नाही. हे मला पाठ होते. पाठ असणे आणि अंगात मुरणे यांत किती अंतर असते, ते पुढे कळले.

साल २०१८. त्याच ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तूलमध्ये सुवर्णपदक जिंकले होते. वैयक्तिक नेमबाजीत आशियाई सुवर्ण मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. आमच्या रेंजवर मुलामुलींची रीघ लागली. मुले वाढली, काडतुसे तेवढीच राहिली. सरांनी माणशी दिवसाला वीस काडतुसे ठरवून दिली. वीस म्हणजे चार मॅगझीन. हात तापेपर्यंत संपून जातात.

हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी माझे अठरावे काडतूस उडाले नाही. घोडा दाबला, टक् आवाज झाला, पुढे काही नाही. नियम असा की नळी लक्ष्याकडेच ठेवायची, अर्धा मिनिट थांबायचे, मोकळा हात वर करायचा आणि काडतूस बाहेर काढून सरांच्या ताब्यात द्यायचे. मी थांबलो, काडतूस काढले, पण दिले नाही. वीसातले एक फुकट जाणार याचे वाईट वाटत होते. पॉइंट टू-टूच्या काडतुसात पेटणारे द्रव्य बुडाच्या कडेत असते. फिरवून दुसऱ्या जागी टोला बसला तर पुष्कळदा ते उडते. ‘उद्या फिरवून मारू’ असे म्हणून मी ते पिस्तुलाच्या पेटीच्या बाहेरच्या कप्प्यात टाकले. दुसऱ्या दिवशी दुपारी दिल्लीची गाडी होती, कर्णी सिंग रेंजवर एअर पिस्तूलची चाचणी होती. सामान भरायचे म्हणून मी रिकाम्या पुंगळ्या मोजून होण्याआधीच निघालो.

दुसऱ्या दिवशी सियालदहच्या तपासणी यंत्रात माझी पेटी गेली. पडद्यावर पिस्तुलाचा आकार दिसला की पेटी उघडायला लावतात, त्याची मला सवय होती. एअर पिस्तुलाचे कागद मी हातातच धरले होते. शिपायाने कागद पाहिले, मान हलवली आणि सहज बाहेरच्या कप्प्यात बोटे घातली. बोटांत ते काडतूस आले.

पुढचे पाच तास मी एका लाकडी बाकावर होतो. समोरून राजधानी गेली. मी खरे सांगत होतो, पण खरे सांगणारा आणि खोटे सांगणारा त्या बाकावर सारखेच दिसतात. नकळत जवळ राहिलेले काडतूस आणि जाणूनबुजून बाळगलेले काडतूस यांत आपली न्यायालये फरक करतात, हे मला नंतर समजले. तेव्हा डोळ्यांपुढे फक्त आबा होते. ते आले, दारात उभे राहिले आणि एवढेच म्हणाले, “मोजून दिलं न्हाईस व्हय रं?”

संध्याकाळी सर आले. काखेत क्लबची नोंदवही. आदल्या दिवशीचे पान त्यांनी अधिकाऱ्यापुढे ठेवले. माझ्या नावापुढे लिहिले होते: दिली वीस, पुंगळ्या एकोणीस, परत शून्य, एक कमी. खाली वेळ, सरांची आणि रेंजवरच्या मदतनिसाची सही. मी गेल्यावर दोघांनी कंदील घेऊन तासभर जमीन शोधली होती, आणि न सापडल्याचेही लिहून ठेवले होते. अधिकाऱ्याने काडतूस उजेडात धरले. बुडाच्या कडेवर टोल्याची खूण स्पष्ट होती. माझा जबाब, वहीतला आकडा आणि ती खूण, तिन्ही जुळले. काडतूस जप्त झाले, कागद झाले, आणि रात्री मला घरी सोडले. गुन्हा नोंदला गेला नाही.

मला माझ्या शब्दाने सोडवले नाही. सरांच्या ओळखीनेही नाही. मी पकडला जाण्याच्या वीस तास आधी, कोणीही विचारलेले नसताना लिहिलेल्या ‘एक कमी’ या दोन शब्दांनी मला सोडवले.

आता माझे मत. आपल्याकडे नेमबाजीतली सुरक्षितता आणि काडतुसांचा पुरवठा हे दोन वेगळे विषय मानतात. सुरक्षितता म्हणजे भिंतीवरचा फलक, आणि पुरवठा म्हणजे संघटना आणि सरकार यांच्याबद्दलची तक्रार. माझ्या मते हा एकच विषय आहे. काडतुसे तुटपुंजी असली की हात निष्काळजी होतात, आणि हात निष्काळजी झाले की पुरवठा आणखी आवळला जातो.

पिस्तुलाच्या बाबतीत हे जास्तच खरे. रायफल लांब असते. ती चुकीच्या दिशेला वळवायची तर अख्खे अंग वळवावे लागते. पिस्तूल मनगटात वळते. शेजाऱ्याने हाक मारली आणि तुम्ही ‘ओ’ देत मान फिरवली, तर नळीही मानेबरोबर फिरते. म्हणूनच स्पर्धेत ‘लोड’ म्हटल्याशिवाय मॅगझीन बसवत नाहीत, ‘स्टॉप’ म्हटले की चुकूनही दुसरी गोळी मारत नाहीत, आणि ‘अनलोड’नंतर चेंबरमध्ये भडक रंगाची सुरक्षा पट्टी घालतात, म्हणजे शस्त्र रिकामे असल्याचे लांबूनही दिसते. पंचवीस मीटरच्या जलद फेरीत लक्ष्य तीनच सेकंद समोर असते. तेवढ्यात खाली धरलेला हात वर आणून नेमकी एक गोळी मारायची असते. तीन सेकंदांत विचार करायला वेळ नसतो, हात सवयीनेच चालतो. आणि सवय लागते ती रोज गोळ्या झाडून. वीस काडतुसांत ती कशी लागणार?

हिशेब करून पाहा. एका स्पर्धेत साठ गोळ्या. आठवड्यातून चार दिवस साठ-साठ झाडल्या, तर पन्नास आठवड्यांत बारा हजार होतात. २०२० च्या फेब्रुवारीत केंद्रीय गृह मंत्रालयाने नेमबाजांना सरावासाठी वर्षाला बाळगता येणाऱ्या काडतुसांची मर्यादा पॉइंट टू-टूसाठी १,००० वरून ५,००० केली, इतर पिस्तूल-रिव्हॉल्वरसाठी ६०० वरून २,०००. हे पाऊल चांगले होते. पण मर्यादा वाढली म्हणून माल मिळतोच असे नाही. स्पर्धेच्या दर्जाच्या काडतुसांसाठी आपण आजही मुख्यतः इंग्लंडच्या एली, जर्मनीच्या आरडब्ल्यूएस आणि फिनलंडच्या लापुआ या नावांकडे पाहतो. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा, वरणगावचा कारखाना जळगाव जिल्ह्यात, म्युनिशन्स इंडियाचे मुख्यालय पुण्यात. सैन्याची गरज भागवणे हे त्यांचे पहिले काम, ते बरोबरच आहे. पण ज्या राज्यात हे सगळे आहे, तिथल्या जिल्हा रेंजवरच्या मुलीने परदेशी खोक्याची वाट पाहत बसावे, हे मला पटत नाही.

टंचाईत काय होते ते मी पाहिले आहे. चांगल्या लॉटची काडतुसे स्पर्धेसाठी राखून ठेवतात आणि सरावाला उरलीसुरली एकत्र करून मारतात. मग गोळी वर का लागली, चूक हाताची की काडतुसाची, तेच कळत नाही. कोणी चार काडतुसे घरी नेऊन कपाटात ठेवतो. कोणी न उडालेले काडतूस माझ्यासारखे कप्प्यात टाकतो. आवाज नेहमीपेक्षा बारीक आला तर गोळी नळीतच अडकलेली असू शकते. तेव्हा थांबून नळी तपासायची असते. पण मॅगझीनमध्ये दोनच उरली असली की थांबायला मन धजत नाही. यातला एकही जण बेफिकीर नसतो. हातातला माल फुकट जाऊ नये म्हणूनच तो हे करत असतो.

काही मित्र म्हणतात, मुले नेम धरायला येतात, त्यांना कारकून कशाला करता? त्यांना मी मलंगा लेनमध्ये घेऊन जातो. ही गल्लीही बोबाजार भागातच आहे. २६ ऑगस्ट १९१४ रोजी रॉडा या बंदूक विकणाऱ्या कंपनीचा कारकून श्रीशचंद्र मित्र कंपनीच्या २०२ पेट्या सोडवायला कोलकात्याच्या कस्टम हाउसमध्ये गेला. गोदामात पोचल्या १९२. उरलेल्या १० पेट्यांची बैलगाडी क्रांतिकारकांनी मलंगा लेनला आणली. त्यांत ५० माउझर पिस्तुले आणि ४६,००० काडतुसे होती, म्हणजे पिस्तुलामागे ९२०. नुसते पिस्तूल हे लोखंड आहे, हे त्या तरुणांना ठाऊक होते. त्या वेळी राज्य परक्यांचे होते आणि शस्त्र कायदा १८७८ चा, आपल्याला निःशस्त्र ठेवणारा. तेव्हा हिशेबात दहा पेट्या कमी दाखवणे हीच देशसेवा होती. १९५९ चा कायदा आपल्या संसदेने केलेला आहे. आज हिशेब चोख ठेवणे ही देशसेवा आहे, आणि त्यासाठी कारकून व्हावे लागले तर त्यात कमीपणा नाही.

म्हणून शाळेला माझी विनंती आहे. पिस्तूल हाती देण्याआधी प्रत्येक छात्राच्या हाती महिनाभर नोंदवही द्या. दिली किती, पुंगळ्या किती, न उडालेली किती, खोक्यावरचा लॉट क्रमांक कोणता, आणि खाली दोघांच्या सह्या. न उडालेल्या काडतुसांसाठी फायरिंग पॉइंटवर वेगळा डबा ठेवा, आणि त्यात टाकलेल्या काडतुसाच्या बदल्यात दुसरे द्या. हे दुसरे मिळाले असते तर माझे ते काडतूस कप्प्यात गेलेच नसते. परेडवर ‘जाँच शस्त्र’ करतो, तशी रेंज सोडताना खिशांची आणि पेट्यांची जाँच करा. आणि हात धुवा. बोटांना लागलेले शिसे पोटात जाता कामा नये.

संघटना आणि सरकार यांच्याकडेही मागणे आहे. जिल्ह्यातल्या शाळा आणि क्लब यांची मागणी एकत्र घ्यावी, वर्षाच्या सुरुवातीला एकाच लॉटचा माल द्यावा, आणि ज्यांची वही चोख त्यांचा पुढचा कोटा कागदपत्रांच्या फेऱ्यांशिवाय मंजूर व्हावा. वर्षभर काडतुसाकाडतुसाचा हिशेब देणाऱ्या मुलाकडे दर वेळी संशयानेच पाहिले, तर वही लिहिण्यावरचा त्याचा विश्वास उडेल.

आबांच्या भट्टीत संध्याकाळी जमीन झाडतात आणि केर टाकत नाहीत. तो केर जाळून, धुऊन त्यातले सोने काढतात. लहानपणी मला ते चिकटपणाचे वाटे. त्या रात्री सियालदहहून घरी चालत येताना आबा काही बोलले नाहीत. भट्टीत शिरल्यावर त्यांनी झाडू माझ्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी सरांनी ‘एक कमी’ याच्यापुढे ‘सापडले, पोलिसांकडे जमा’ असे लिहिले आणि वही माझ्याकडे सरकवली. मी सही केली. त्या वर्षी दिल्लीला पुन्हा जाणे झाले नाही. पण त्या दिवसापासून क्लबची वही मी लिहू लागलो. आज माझ्या नावावर परवाना आहे, मी नव्या मुलांना शिकवतो, आणि सियालदहच्या दारात शिरण्याआधी पेटीचे सगळे कप्पे एकदा उलटे करून झटकतो. लोक बघतात. बघू देत.