उधाण घरात आले, तरी गाव का हलत नाही?

पावसाळ्यातल्या मोठ्या उधाणाच्या दिवसांत सातपाटीची बातमी अनेकदा वाचायला मिळते. धूपप्रतिबंधक बंधारा ओलांडून लाटा आत आल्या, कोळीवाड्यातील घरांत पाणी शिरले, अधिकाऱ्यांनी पाहणी केली. दोन-चार ओळींची ही बातमी वाचून शहरातल्या सुजाण वाचकाच्या मनात एक साधा प्रश्न उभा राहतो : ही माणसे तेथून उठून दुसरीकडे का जात नाहीत?

प्रश्न सहानुभूतीचाच आहे; पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. बाहेर पडण्याचा रस्ता मोकळा आहे, आणि लोक हट्टापायी, अज्ञानापायी किंवा वाडवडिलांच्या मातीच्या ओढीने तो धरत नाहीत, असे आपण मानतो. पालघर जिल्ह्यात सातपाटी, मुरबे, नवापूर, तारापूर, चिंचणी, वाढवण या पट्ट्याकडे नीट पाहिले, तर हे गृहीत टिकत नाही.

अज्ञानाचा मुद्दा आधी निकालात काढू. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांचा एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. आधीच्या दोन दशकांच्या मानाने २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली, असे त्यात आढळले. जगाच्या समुद्रपातळीत १९०१ ते २०१८ या काळात सरासरी २० सेंटिमीटर वाढ झाली. मच्छीमाराला हे आकडे ठाऊक नसतील. परिणाम मात्र पाठ आहेत. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात ‘क्यार’ आणि ‘महा’ ही वादळे लागोपाठ आली आणि ऐन हंगामात होड्या किनाऱ्याला बांधून ठेवाव्या लागल्या. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’च्या तडाख्यात भरकटलेला ‘गाल कन्स्ट्रक्टर’ हा मोठा तराफा पालघरच्या वडराईजवळ खडकांत येऊन अडकला आणि त्यावरील १३७ जणांना तटरक्षक दलाने वाचवले. समुद्र बदलला आहे, हे या लोकांना कोणी शिकवायला नको.

घर म्हणजेच कारखाना

मग ते थांबतात कशासाठी? पहिले कारण व्यवहाराचे आहे. शहरातल्या माणसाचे घर एकीकडे आणि कचेरी दुसरीकडे असते. घर बदलले तरी नोकरी राहते. मांगेला, वैती, कोळी कुटुंबांचे तसे नाही. होडी डोळ्यांसमोर असावी लागते. भरती-ओहोटीच्या वेळा घड्याळाला जुमानत नाहीत. मध्यरात्री पाणी भरले तर मध्यरात्री निघावे लागते. जाळी विणायची व दुरुस्त करायची ती अंगणात. बोंबील वाळवायचे ते किनाऱ्यावर, वाऱ्याच्या तोंडाशी. आलेली मासळी निवडणे, सुकवणे, विकणे ही कामे मुख्यतः बायकांची, आणि ती घर सांभाळतच होतात. डिझेल, बर्फ, विक्री आणि अडीअडचणीला उचल देणारी मच्छीमारांची सहकारी संस्थाही गावातच. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने पापलेटला ‘राज्य मासा’ घोषित केले. त्या पापलेटसाठी सातपाटीचे नाव दूरवर पोचले आहे ते याच मांडणीच्या बळावर. पाच-सात किलोमीटर आत पक्के घर दिले, तर कुटुंबाला निवारा मिळेल. पण त्याचा कारखाना बंद पडेल.

दुसरे कारण कागदाचे आहे. अनेक कोळीवाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या वहिवाट असूनही घराखालच्या जमिनीचा उतारा राहणाऱ्याच्या नावावर नाही. ज्याच्या हाती कागद नाही, त्याला जागा विकून दुसरीकडे घर घेता येत नाही. आणि एकदा जागा सोडली की वहिवाटीचा पुरावाही जातो. अशा माणसाला ‘निघून जा’ म्हणणे म्हणजे रिकाम्या हाताने जा म्हणणे होय.

तिसरे कारण बोईसरचे आहे, आणि ते दुधारी आहे. सत्तरच्या दशकापासून वाढत गेलेल्या तारापूर औद्योगिक वसाहतीने किनाऱ्यावरच्या घरांतील मुलांना पगार दिला. एक भाऊ होडीवर, दुसरा कंपनीत, अशी विभागणी झाली की मासळी न मिळालेला हंगामही कसाबसा निभावतो. म्हणजे दर्या आटत असताना गावात टिकून राहण्याचे बळ पुष्कळदा कारखान्याच्या पगारातून येते. पण याच वसाहतीचे सांडपाणी नवापूरच्या समुद्रात सोडले जाते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर देशातील सर्वांत प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरले. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेला राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागावी लागली, आणि २०२२ साली लवादाने प्रदूषणाच्या भरपाईचा आदेश दिला. जो हात घास देतो तोच ताटात माती कालवतो, अशी ही अवस्था आहे.

जे गेले, त्यांचे काय झाले?

चौथे कारण मात्र सर्वांत वजनदार आहे. स्थलांतर म्हणजे काय, हे या किनाऱ्याने जवळून पाहिले आहे. तारापूरच्या अणुवीज केंद्रातून १९६९ पासून वीज मिळू लागली. पुढे तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवण्यात आली. या अणुभट्ट्या २००५-०६ मध्ये सुरू झाल्या. गावकऱ्यांना आतल्या बाजूला घरे मिळाली. पण समुद्र दुरावला, आणि पुनर्वसनाच्या तक्रारी थेट मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेल्या. शेजारच्या दांडी-घिवलीच्या माणसाला पुनर्वसन या शब्दाचा अर्थ शब्दकोशात पाहावा लागत नाही. तो सोयऱ्याधायऱ्यांकडून कळतो.

समुद्रानेच गिळलेल्या गावांचा अनुभवही याहून फार वेगळा नाही. ओडिशातील सातभाया गावाला २०१८ साली बागपटिया येथे हलवण्यात आले. लाटांपासून जीव वाचला, ही गोष्ट लहान नव्हे. पण नव्या जागी पोटापाण्याचे साधन पुरेसे नव्हते, आणि तरुणांना कामासाठी परराज्याची वाट धरावी लागली. घर हलवता येते. चूल पेटती ठेवणारा धंदा आपोआप मागे येत नाही.

यात आणखी एक विसंगती आहे. किनारा राहण्यास धोक्याचा आहे, असे मच्छीमाराला सांगितले जाते. आणि त्याच किनाऱ्यावर वाढवण येथे ७६,२२० कोटी रुपयांचे बंदर उभे राहत आहे. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालील डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने १९९८ साली येथील बंदराला नकार दिला होता. त्याच प्राधिकरणाने जुलै २०२३ मध्ये, नव्या अध्यक्षांच्या काळात, संमती दिली, आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. समुद्रात १,४४८ हेक्टर भराव घालण्याची योजना आहे. बंदर हवे की नको, हा वाद मोठा आहे, आणि त्यात रोजगाराची बाजूही आहे. पण वाढत्या समुद्राला तोंड देण्याइतका भक्कम भराव बंदरासाठी घालता येतो, आणि कोळीवाड्यापुढचा बंधारा मात्र दर काही वर्षांनी फुटतो, हे पाहणाऱ्याने धोक्याच्या इशाऱ्यावर कितपत विश्वास ठेवावा?

अर्थात, राहणे हे नेहमीच शौर्य असते, असे समजून किनाऱ्याचे गोडवे गाणेही बरोबर नाही. काही घरे खरोखरच टिकणारी नाहीत. नुसत्या दगडी बंधाऱ्यावरही भिस्त ठेवता येत नाही. बंधारा संपतो तेथून पुढचा किनारा अधिक वेगाने खचतो, हा अनेक ठिकाणचा अनुभव आहे. लाटांच्या तोंडची काही कुटुंबे आज ना उद्या हलवावीच लागतील.

ती कशी हलवायची, हाच खरा प्रश्न आहे. आधी घराखालच्या जागेचा कागद द्यावा. नवी जागा त्याच गावाच्या हद्दीत, होडीपासून चालत जाण्याच्या अंतरावर असावी. होड्या लावण्याची व मासळी सुकवण्याची किनाऱ्यावरची जागा गावाच्याच नावे राहावी. सांडपाण्याचा बंदोबस्त व्हावा. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी धुपीमुळे विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनाकरिता १,००० कोटी रुपयांची शिफारस केली होती. म्हणजे हा खर्च सरकारचा आहे, हे तत्त्वतः मान्य झालेले आहे.

तोवर किनाऱ्यावरचा माणूस साधा हिशेब करतो. समुद्र वर्षातून चार-सहा दिवस घरात येतो आणि उरलेले दिवस पोट भरतो. घर सोडले, तर ते चार-सहा दिवस सुटतील. उरलेल्या दिवसांचे काय, याचे उत्तर अद्याप त्याला कोणी दिलेले नाही. ते उत्तर देण्याची जबाबदारी त्याची नसून, त्याला हलण्याचा सल्ला देणाऱ्यांची आहे.