स्फोट थांबले, गरज थांबली नाही

अणुचाचण्या थांबल्या की अण्वस्त्रांची शर्यतही आपोआप मंदावेल, असा विश्वास एके काळी पुष्कळांनी बाळगला होता. अमेरिकेने आपला अखेरचा भूमिगत स्फोट सप्टेंबर 1992 मध्ये केला. 1996 मध्ये सर्वंकष चाचणीबंदीचा करार सह्यांसाठी खुला झाला. स्फोट थांबले, हे खरे. परंतु स्फोटांतून मिळणाऱ्या माहितीची गरज काही संपली नाही. ती भागविण्याचा बराचसा भार आज प्रयोगशाळांतील प्रचंड क्ष-किरणयंत्रांवर पडला आहे.

या यंत्रांमागील तत्त्व इस्पितळातील क्ष-किरणनळीचेच आहे. ऋणाग्रातून निघालेले इलेक्ट्रॉन जड धातूच्या धनाग्रावर आदळतात आणि त्यांच्या वेगाला अकस्मात खीळ बसल्याने क्ष-किरण निर्माण होतात. इस्पितळातील नळीत जेमतेम एक टक्का ऊर्जा किरणांच्या रूपाने हाती लागते. बाकीची उष्णतेच्या रूपाने वाया जाते. विद्युद्दाब लक्षावधी व्होल्टांच्या घरात नेला, की हा हिशेब पालटतो. प्रवाह दुप्पट केला तर किरणांची मात्रा दुप्पट होते. पण दाब दुप्पट केला तर ती सुमारे सहा-सात पट होते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात वाढत्या फलाचा नियम दिसावा. अर्थात त्यालाही मर्यादा आहेत. अग्रांवर तत्काळ तयार होणारा प्लाझ्मा मधली पोकळी भरून काढू लागतो. म्हणून सारे काम सेकंदाच्या काही कोट्यंश भागातच उरकावे लागते.

अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेत 1988 पासून काम करू लागलेले ‘हर्मिस-3’ हे यंत्र सुमारे 2 कोटी व्होल्ट दाबाने 7 लक्ष अँपिअर प्रवाह सोडते. त्या क्षणापुरती त्याची शक्ती भारतातील सर्व वीजकेंद्रांच्या एकत्रित क्षमतेच्या पंचवीस पटींहून अधिक भरते. आणि एका वेळी खर्च होणारी ऊर्जा? आपल्या घरच्या मीटरवरील एका युनिटचा सुमारे दहावा हिस्सा! मोल विजेचे नाही. ती साठवून क्षणार्धात मोकळी करणाऱ्या यंत्रणेचे आहे. अणुस्फोटाच्या प्रारणात शस्त्रांतील व उपग्रहांतील इलेक्ट्रॉनिक भाग तग धरतील काय, याची परीक्षा अशा यंत्रांसमोर होते.

येथे प्रश्न नीतीचा उपस्थित होतो. ही यंत्रे स्फोटाची गरज कमी करतात, म्हणून ती शांततेला साह्यकारी आहेत, असे एक पक्ष म्हणतो. ती अण्वस्त्रांचा साठा कार्यक्षम ठेवतात, असे दुसरा म्हणतो. दोन्ही विधाने खरी आहेत. ज्या राष्ट्रांजवळ अशी साधने आहेत, त्यांना चाचणीबंदी स्वस्तात पडते; नसलेल्यांना ती महाग वाटते. तरीही अमेरिकेच्या सिनेटने 1999 मध्ये हा करार फेटाळला आणि रशियाने 2023 मध्ये दिलेली मान्यता मागे घेतली. भारताने 1998 नंतर चाचणी केलेली नाही; करारावर सहीही केलेली नाही.

आपल्याकडे तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘काली-5000’ हे याच जातीचे, पण पुष्कळ लहान यंत्र उभारले. ‘किलो अँपिअर लिनिअर इंजेक्टर’ या निरुपद्रवी नावाच्या आद्याक्षरांतून ‘काली’ झाली, आणि तेवढ्यावरून शत्रूची विमाने भस्मसात करणाऱ्या गुप्त अस्त्राच्या कथा पसरल्या. वस्तुतः ते इलेक्ट्रॉनांचा झोत निर्माण करणारे संशोधनयंत्र आहे. जेथे अधिकृत माहिती तुटपुंजी असते, तेथे अफवांचे पीक जोमाने येते.

संरक्षणाची सर्व गुपिते चव्हाट्यावर मांडावीत, असे कोणी म्हणणार नाही. परंतु अशा संशोधनावर किती खर्च होतो आणि त्यातील कोणता भाग उद्योगांच्या वा वैद्यकाच्या उपयोगी पडतो, एवढे विचारण्याचा अधिकार कर भरणाऱ्या नागरिकाला आहे. हा प्रश्न विचारण्यासाठी पदार्थविज्ञानाची पदवी लागत नाही. तो न विचारता दंतकथांवर समाधान मानणे मात्र आपल्याला महाग पडेल.