तणावमुक्तीचे धडे आणि कामाचे तास

धकाधकीच्या जीवनातील ताणावर उपाय सुचविणाऱ्यांची आज वानवा नाही. योगवर्ग आहेत, ध्यानशिबिरे आहेत, मोबाइलवर श्वास मोजणारी अ‍ॅप्स आहेत. मोठ्या कार्यालयांत तर तणाव व्यवस्थापनाची कार्यशाळा हा वार्षिक उपक्रमच होऊन बसला आहे. नियमित व्यायाम आणि पुरेशी झोप यांनी ताण हलका होतो, हे खरेच. मात्र या साऱ्या उपदेशात एक गृहीतक दडलेले असते. ताण ही व्यक्तीची उणीव असून तो दूर करणे ही तिचीच जबाबदारी आहे, असे ते गृहीतक. ते तपासून पाहायला हवे.

मुळात ताण ही शरीराची संरक्षक यंत्रणा आहे. संकटाची चाहूल लागताच अ‍ॅड्रिनलिन, कॉर्टिसॉल यांसारखी संप्रेरके स्रवतात, नाडी जलद होते. संकट टळले की शरीर पूर्वपदावर येते. घातक ठरते ते पूर्वपदावर येण्यास उसंतच न मिळणे. पहाटे बदलापूरहून लोकल पकडणारा, रात्री नऊला घरी परतणारा आणि ताटावर बसताच वरिष्ठांचा संदेश वाचणारा नोकरदार रोज हेच अनुभवतो. त्याला श्वसनाचे व्यायाम शिकविता येतील. परंतु ते करण्यासाठी लागणारा अर्धा तास त्याने कोठून आणावा?

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी मे २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेला संयुक्त अभ्यास या दृष्टीने बोलका आहे. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास राबणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी, तर हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असल्याचे त्यात आढळले. याच आरोग्य संघटनेने कामामुळे येणाऱ्या शक्तिपाताची, म्हणजेच ‘बर्नआऊट’ची, नोंद करताना तो आजार नसून कामाशी निगडित स्थिती आहे, असे म्हटले आहे. मग उपाय केवळ कर्मचाऱ्याच्या मनात शोधून कसे भागेल?

या पार्श्वभूमीवर महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतलेला निर्णय विचार करायला लावणारा आहे. कारखान्यांतील कामाची दैनंदिन मर्यादा ९ तासांवरून १२, तर दुकाने व आस्थापनांतील मर्यादा ९ वरून १० तास करण्यास त्या वेळी मंजुरी देण्यात आली. तिमाहीतील जादा कामाची मर्यादाही ११५ वरून १४४ तासांवर नेण्यात आली. गुंतवणूक व रोजगारवाढ हे त्यामागील कारण सांगितले गेले. जादा कामासाठी कामगाराची लेखी संमती आवश्यक असल्याचा दिलासाही दिला गेला. तथापि, नोकरी टिकविण्याची चिंता असलेल्याची संमती कितपत स्वेच्छेची असते, हा प्रश्न उरतोच.

फ्रान्समध्ये २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याच्या हक्काला कायद्यात स्थान आहे. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत तशाच आशयाचे खासगी विधेयक मांडले होते. त्याचा कायदा मात्र झाला नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘टेलि-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची मोफत साहाय्यसेवा सुरू केली. ती स्वागतार्ह आहे आणि गरजूंनी तिचा लाभ संकोच न बाळगता घ्यावा. पण ती उपचाराची सोय झाली, प्रतिबंधाची नव्हे.

मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षे केलेल्या संघटित प्रयत्नांमुळे. थकलेल्या कामगाराला मन शांत ठेवण्याचा सल्ला देऊन लोखंडे थांबले नाहीत. त्यांनी त्याच्यासाठी विश्रांतीचा दिवस मागितला. खिशातल्या फोनने तो दिवस आज पुन्हा कामाला जुंपला आहे. ताणाशी जुळवून घेण्याची कला प्रत्येकाने जरूर शिकावी. परंतु ती शिकण्यास लागणारी सवड मिळवून देणे हे समाजाचे आणि शासनाचे काम आहे.